कोर्वांदींचा बिछाना

आडनाव ही काही पंगतीत वाढायची चीज नव्हे, असं अर्मिदा कोर्वांदीचं ठाम मत होतं. बोलून मात्र ती कधी दाखवायची नाही. उलट दर ऑगस्टमध्ये परदेशी गेलेल्या कोर्वांदींची पोरंनातवंडं इटलीच्या डोंगरातल्या मोंताल्ब्रियो गावात सुट्टीला आली, की ती आईची मोत्यांची कानातली घालून चर्चच्या पायरीवर बसे आणि त्यांना आडनावाची गोष्ट सांगे. कार्डिफचा लालबुंद टकल्या, ल्योंच्या तिघी बहिणी, रोसारियोचा दातांचा डॉक्टर, सगळे तिच्यापुढे शाळकरी पोरांसारखे गप्प बसत. जन्मभर गणित शिकवलेली बाई, गोष्टही गणितासारखीच सांगे: आधी दिलेलं काय ते, मग सिद्ध काय करायचं ते.

दिलेलं असं. मोंताल्ब्रियोत नोव्हेंबर लागला की दोन दिवसांचा मृतांचा सण येतो, आणि त्या दोन्ही दिवशी पहाटे उठून घर मोकळं करायची रीत आहे. बिछान्यांवर धुतलेल्या चादरी घालायच्या, टेबलावर उकडलेले चेस्टनट, पाव आणि लाल वाइन मांडायची, चूल पेटती ठेवायची आणि सगळ्यांनी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला निघून जायचं. मागे घरात कुणी थांबायचं नाही. वर्षभर गारठ्यात पडलेली आपली माणसं तेवढ्या वेळात घरी येतात, खातात, अंग टेकतात. फार पूर्वी, खिंडीत बर्फ लवकर पडलं त्या वर्षी, एक कुटुंब मिस्सेहून परतलं तर मृतांसाठी घातलेल्या बिछान्यात एक अनोळखी माणूस गाढ झोपलेला. त्याला बाहेर काढायची कुणाची छाती झाली नाही. त्या बिछान्यात निजलेल्याला तू कोण, कुठला, हे विचारणार कसं? त्यानेही कधी सांगितलं नाही. फादरनी त्याला कोर्वांदी हे नाव दिलं. का दिलं, ते त्यांचं त्यांना ठाऊक. घरात मुलगा नव्हता, म्हणून धाकट्या मुलीशी त्याचं लग्न लागलं. जगात जिथे कुठे कोर्वांदी आहेत, ते सगळे त्या एका बिछान्यातून उठलेले.

"पण सापडला तेव्हा तो जिवंत होता ना?" दरवर्षी कुणीतरी विचारी, आणि बाकीचे हसत.

"त्याला नऊ मुलं झाली," अर्मिदा म्हणे. "आता तुम्हीच ठरवा."

मग ती विस्तारावर येई. एक मुलगा घरी राहिला, बाकीचे डोंगर उतरले. कुणी पो नदीकाठच्या भातशेतांत राबला, कुणी जेनोव्हाच्या गोदीत. एक जण अस्वल नाचवत नाचवत लंडनला पोचला, त्याच्या नातवाने वेल्सच्या खाणगावात कॉफीचं दुकान टाकलं. कुणी बोटीत बसून अर्जेंटिनाला गेला आणि गव्हात हात धुऊन घेतले. पिढ्या उलटल्या, पण दर पिढीत घरी एकच राही आणि बाहेरचे फोफावत. आता घरची होती अर्मिदा. अख्ख्या मोंताल्ब्रियोत कोर्वांदी हे नाव तिच्या एकटीच्या दारावर होतं. त्या नावापायी तिने एकेकाळी बसचालक दारियोला नकार दिला होता. माणूस सोन्यासारखा होता, पण मुलं त्याच्या नावाची झाली असती.

ऑगस्ट संपला की पाहुणे जात. तिला हायसं वाटे. कार्डिफमध्ये चाळीस कोर्वांदी जेवायला बसतात हे ऐकताना तिच्या पोटात दुखे, पण ती मनाशी म्हणे, चाळीस असोत नाही तर चारशे, घरची मी आहे. मेलेले कोर्वांदी येतात ते माझ्याकडे.

आणि इथेच ती खोटं बोलत होती. वडील होते तोवर मिस्सेहून परत आलं की ते जिना चढून जात, बिछान्यावर तळवा ठेवत आणि खाली हाक देत, "ऊब आहे!" उशीला खळगा पडलेला असे, चादर चुरगळलेली असे. अर्मिदाने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. वडील गेल्यानंतर ती दरवर्षी तशीच धावत वर जाई, तळवा ठेवी. चादर घातली तशी सपाट, आणि गार. शेजारची झेलिंदा कुंपणावरून विचारी, "आले होते का गं तुमचे?" आणि ती म्हणे, "आले की. न येऊन सांगतात कुणाला?" भुतांवर तिचा विश्वास नव्हता. आपल्या माणसांवर होता, आणि ती माणसं वर्षानुवर्षं तिच्या दारावरून पुढे जात होती.

त्या सप्टेंबरात, सगळे पाहुणे गेल्यावर, मिकाएला कोर्वांदी आली. रोसारियोहून, एका पिशवीनिशी. पणजोबांच्या नावावर इटलीचं नागरिकत्व मिळवायचं तर गावात राहून दाखवावं लागतं, आणि हिवाळ्यात भाड्याने मिळणारी एकही खोली धड नव्हती. पंचायतीतल्या कारकुनाने भर बारमध्ये सांगून टाकलं, "आपल्या अर्मिदाबाई आहेत ना! घरचं घर, घरचंच नाव." सगळ्यांच्या माना अर्मिदाकडे वळल्या. नाही म्हणायला तोंड कुठे राहिलं होतं? तिने आपल्या शेजारची खोली दिली.

मुलगी वाईट असती तर बरं झालं असतं. मिकाएला लाकडं फोडी, भांडी घाशी, गवती वासाचा तिचा तो कडू चहा भोपळ्याच्या तुंब्यातून ओढत चुलीपाशी बसे आणि आत्या आत्या करून बोलत राही. पहिल्या आठवड्यात "आत्या, तुम्ही" होतं, दुसऱ्यात "आत्या, तू" झालं. वर तिची बोली! अर्जेंटिनात शंभर वर्षं जपून ठेवलेली मोंताल्ब्रियोची बोली, अर्मिदाचे आजोबा बोलत तशी. बारमधले म्हातारे तिला मुद्दाम बोलतं करत आणि डोळे पुसत.

"भुवई बघा पोरीची," एक दिवस झेलिंदा बारमध्ये म्हणाली. भिंतीवर गावच्या बँडचा जुना फोटो होता, त्यात अर्मिदाचे आजोबा तुतारी घेऊन उभे. त्यांच्या डाव्या भुवईत मधोमध केस नसलेली एक रेघ होती. तशीच मिकाएलाच्या भुवईत. "शिक्का मारलाय नुसता! कोर्वांदी म्हणून वेगळं सांगायला नको."

"सगळ्या कोर्वांदींना नसते ती," अर्मिदा म्हणाली.

"तुला नाही, एवढंच मला माहीत," झेलिंदा म्हणाली, आणि मग घाईघाईने, "तू आईवर गेलीस गं."

अर्मिदाची आई भातशेतांच्या बाजूची. लग्न होऊन वर आली आणि अर्मिदा सातव्या महिन्यातच जन्मली. सातव्या महिन्याच्या मानाने मूल चांगलं गुटगुटीत होतं. गावाला गणित येत नाही असं थोडंच आहे. पण वडिलांनी तिला खांद्यावर बसवून गावभर मिरवलं, तेव्हा गावाने तोंड मिटलं ते मिटलंच. अर्मिदाने घरी येऊन आरशात डावी भुवई न्याहाळली. दाट होती, अखंड होती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. शेजारच्या खोलीत मिकाएला गुणगुणत होती, आणि ते गाणं वडील दाढी करताना म्हणायचे.

ऑक्टोबर लागला. चेस्टनट वाळवायच्या झोपड्यांतून धूर निघू लागला. घरात काहीतरी बदललंय हे अर्मिदाच्या आधी नाकाला कळलं. जिन्यात खारट, ओला वास येऊ लागला, गोदीवर येतो तसा. मोंताल्ब्रियोहून समुद्र घाटावरून उतरून पार पलीकडे. मग एका सकाळी दिवाणखान्याबाहेरच्या खुंट्यांखाली पाण्याचं थारोळं दिसलं, ओले कोट टांगून निथळावेत तसं. खुंट्या रिकाम्या होत्या. पाऊसही नव्हता.

"छप्पर गळतंय," ती म्हणाली.

"छपराखाली अजून एक मजला आहे ना, आत्या," मिकाएला सहज म्हणाली आणि फडक्याने पुसून मोकळी झाली.

पाव पुरेनासा झाला. दोघी जेवायला बसलेल्या असताना वरच्या मजल्यावर फळ्या करकरत. एकाच्या चालीने नव्हे, दाटीने उभ्या माणसांनी पाय बदलावेत तशा. अर्मिदाने कारणं शोधली: थंडीने लाकूड आकसतं, उंदीर, वारा. प्रत्येक कारण बरोबर होतं, पण बेरीज जुळत नव्हती. एका दुपारी झेलिंदाने कुंपणावरून हाक मारली.

"पुरुषमाणूस कोण आलंय गं तुमच्याकडे? खिडकीत उभा होता. टोपी घालून."

"कुठल्या खिडकीत?"

"पोरीच्या. मी हात केला तर टोपी काढली त्याने. जुन्या वळणाचा दिसतो."

अर्मिदा वर धावली. खोलीत कुणी नव्हतं. मिकाएला तर चर्चमध्ये फुलं लावायला गेलेली. खोलीत ऊब होती मात्र, आणि हलका तंबाखूचा वास. अर्मिदाला भीती वाटायला हवी होती. तिला वाटला तो मत्सर, इतका सरळ आणि कडू, की तिने पलंगाचा कठडा धरला. हिच्या खिडकीत? माझ्या का नाही?

त्या संध्याकाळी तिने चेस्टनट सोलता सोलता विचारलं, "तुमच्याकडे मृतांचा सण करतात की नाही?"

"आजी करायची. बिछाना घालायची, टेबल मांडायची. पण मिस्सेहून आलं की बघायलाही जायची नाही. म्हणायची, इथे कोण येतंय? सगळे आपल्या गावी जातात, मोंताल्ब्रियोला." मिकाएलाने बोट चोखलं, चेस्टनट गरम होता. "आणि मग म्हणायची, पण तिथे तरी त्यांना कोण आत घेणार? तिथे आता आपलं ओळखीचं कुणी नाही."

"मी आहे ना तिथे," अर्मिदा म्हणाली.

"हो, तेच मी म्हटलं," मिकाएला प्रेमाने म्हणाली. "पण आजीचं आपलं तेच. आपलं कुणी नाही म्हणून."

सणाची पहिली पहाट उजाडली तेव्हा दोघींनी मिळून बिछाने घातले, टेबल मांडलं, चुलीत ओंडका सारला आणि कुलूप लावून त्या चर्चला गेल्या. अर्मिदाचं प्रार्थनेत लक्ष नव्हतं. शेवटचं आमेन होताच ती निघाली, मिकाएला फादरशी बोलत मागे रेंगाळली.

आपल्या खोलीत जाऊन तिने तळवा ठेवला. सपाट. गार.

मग ती शेजारच्या खोलीत गेली. चादर चोळामोळा झाली होती. उशीवर एक नव्हे, खळग्याला खळगा लागून गर्दी झाली होती. तिने तळवा ठेवला आणि झटकन उचलला. भट्टीतून काढलेला पाव फडक्यात गुंडाळावा तशी ऊब, काठापासून काठापर्यंत. चादरीवर मिठाचे पांढुरके डाग होते. सगळे आले होते. बोटीवर मेलेले, खाणीत गाडलेले, गव्हाच्या शेतात पुरलेले, आणि ज्यांनी तिला खांद्यावरून मिरवलं तेसुद्धा. कारण उशाशी त्यांच्या दाढीच्या साबणाचा वास होता. वडील आले होते आणि तिच्या दारावरून पुढे जाऊन या कालच्या पोरीच्या बिछान्यात निजले होते.

जिन्यात पावलं वाजली. अर्मिदाने दोन्ही हातांनी चादर ताणली, उशी बडवली, सगळे खळगे बुजवले.

"काय करतेयस आत्या?"

"खिडकी लावत होते. वारा येतोय."

"आले होते का कुणी?" मिकाएलाने डोळे मोठे करून विचारलं.

"आले होते," अर्मिदा म्हणाली. "माझ्या खोलीत."

मुलीचा चेहरा पडला. अर्मिदाला बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं दुपारपर्यंत टिकलं. दुपारी दफनभूमीत शेवंतीची फुलं वाहताना मिकाएला कधी न पाहिलेल्या माणसांच्या कबरींपाशी हमसून हमसून रडली. गावातल्या बायकांनी तिला जवळ घेतलं. अर्मिदा वडिलांच्या कबरीपाशी कोरड्या डोळ्यांनी उभी राहिली. आयुष्यभर मी चादरी धुतल्या, ती त्यांना म्हणाली. मी राहिले. नाव सोडलं नाही, गाव सोडलं नाही. एकदा तरी माझ्याकडे या. आणि कबरीवरच्या फोटोतल्या वडिलांच्या डाव्या भुवईतली रेघ तिला नको असताना दिसली. येणार नसतील, तर त्यांना गाठायचं कुठे, हे आता तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या पहाटे ती घशाला लोकरी पट्टी गुंडाळून खाली आली.

"घसा धरलाय. तू झेलिंदाबरोबर जा."

"मग मी पण थांबते."

"काही नको. बिछाना घातलास ना?"

"घातलाय."

झेलिंदा दारात उभी होती, डोक्याला रुमाल बांधून. तिने अर्मिदाकडे निरखून पाहिलं. "आज घरात थांबायचं नसतं, अर्मिदा."

"देव समजून घेईल."

"देवाचं कोण बोलतंय?" झेलिंदा म्हणाली. पण घंटा वाजायला लागली होती, आणि तिने मिकाएलाचा हात धरला.

अर्मिदाने आतून कडी घातली. वर जाऊन पायांतले जोडे काढले, मिकाएलाच्या खोलीत गेली, चादर न विस्कटता पांघरुणाखाली शिरली आणि पाठीवर पडली. खिडकीत राखाडी उजेड होता. चादरीला राखेच्या साबणाचा आणि उन्हाचा वास होता. आपण केवढा वेडेपणा करतोय हे तिला कळत होतं. इथे आले, की त्यांना माझ्या अंगावरूनच जावं लागेल, असंही तिला वाटत होतं.

घंटा थांबली.

खाली कडी निघाली नाही. दार उघडल्याचा आवाज मात्र आला.

मग पावलं. खुर्च्या सरकल्या. चेस्टनटची सालं फुटत होती. कुणीतरी खोकलं, कुणी हलक्या आवाजात काही बोललं, आजोबांच्या बोलीत. अर्मिदाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला भीती नव्हती. घरात माणसं आली होती.

जिना करकरू लागला, आणि करकरतच राहिला. किती जण होते?

खोली भरली. तिला दिसत काहीच नव्हतं, नुसता उजेड पातळ झाला होता. खारा वास आला. गादी डावीकडे खचली. मग उजवीकडे. मग पायाशी.

"मी अर्मिदा," ती म्हणाली. "आउगुस्तोची मुलगी. घरची."

एक हात तिच्या कपाळावर आला. गरम, खरबरीत. आंधळा माणूस चेहरा वाचतो तसा तो कपाळावरून खाली उतरला आणि डाव्या भुवईवर थांबला. बोट भुवईवरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेलं. पुन्हा एकदा गेलं.

हात निघाला.

दुसरा आला. तोही भुवईवर थांबला, आणि निघाला. मग तिसरा.

कुणी रागावलं नाही. बाजारात भलत्याच माणसाला हाक मारल्यावर आपण सॉरी म्हणून मागे सरतो, तसे ते हात मागे सरत होते.

शेवटच्या हाताला दाढीच्या साबणाचा वास होता. तो सगळ्यांत जास्त वेळ राहिला. "बाबा," ती म्हणाली. त्या हाताने तिच्या गालावर हलकेच थोपटलं, दुसऱ्याच्या मुलीला थोपटतात तसं.

मग सगळे निजले. तिच्या दोन्ही अंगांना, डोक्याशी, पायाशी, दाटीवाटीने. आणि तरी तिच्या भोवती बोटभर जागा सोडून. तिने हात लांब केला. ऊब सरकली. जिकडे हात नेईल तिकडून ऊब सरकत राहिली.

तिला थंडी वाजू लागली.

केव्हातरी खाली किल्ली फिरली. कडी आतून लावलेली होती, तरी दार उघडलं. "आत्या!" मिकाएलाचा आवाज. ती अर्मिदाच्या खोलीत डोकावली. "आत्या नाहीये गं! बिछाना तर तसाच आहे."

"गोठ्याकडे गेली असेल," झेलिंदाचा आवाज आला. "ऐकायची नाही कधी."

"मी इथे आहे," अर्मिदा म्हणाली. शब्द नीट, स्पष्ट म्हणाली.

मिकाएला खोलीच्या दारात आली आणि थबकली. तिची नजर पलंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, अर्मिदाच्या चेहऱ्यावरूनही गेली, आणि तिचा चेहरा उजळला. गुडघ्यांवर बसून तिने चादरीवर तळवा ठेवला.

"झेलिंदा! अगं, ये ना इकडे! ऊब आहे! बघ, सगळीकडे!"

झेलिंदा धापा टाकत वर आली, तिने छातीवर क्रूसाची खूण केली. मिकाएला हसत होती, रडत होती, आणि तळवा पुढे पुढे सरकवत होती. उशीवरून. काठावरून. मग मध्ये. तो अर्मिदाच्या छातीवर आला आणि थांबला. अर्मिदाला त्याचं वजन कळलं. तिने तो दोन्ही हातांनी धरला.

"ही एवढीच जागा गार आहे," मिकाएला म्हणाली.

झेलिंदाने वाकून हात लावून पाहिला.

"असेल," ती म्हणाली. "इथे कुणी निजलं नसेल."